फ्री डिशची छत्री स्वतः कशी लावायची

आमच्या आत्याचं घर देवरुखच्या पुढे पार आतल्या वाडीत. केबल तिथे पोचत नाही, मोबाईलला रेंज मिळते ती पडवीच्या एकाच कोपऱ्यात, आणि महिन्याच्या रिचार्जवाली डिश आत्याला मान्य नाही. "मी बघणार संध्याकाळचे दोन तास आणि पैसे देऊ तीस दिवसांचे काय?" हा तिचा हिशोब, आणि तो काही चुकीचा नाही. म्हणून मेमध्ये गेलो तेव्हा फ्री डिश लावायचं ठरलं, एकदाच काय तो खर्च, नंतर महिन्याला शून्य रुपये. बसवणारा माणूस उद्या येतो उद्या येतो करत चार दिवस उगवलाच नाही, पाचव्या दिवशी मीच पाना घेऊन उभा राहिलो. सकाळी नऊ ते दुपारी दोन, पाच तास, टीव्हीवर नुसतं नो सिग्नल. दुसऱ्या दिवशी मात्र पाऊण तासात सगळं चालू. चूक दोन ठिकाणी होती, छत्रीचं तोंड जिकडे दिसतं तिकडे ती बघत नसते हे मला माहीत नव्हतं, आणि बॉक्सवरच्या दोन पट्ट्यांपैकी मी चुकीच्या पट्टीकडे बघत बसलो होतो. तुमचे पाच तास वाचावे म्हणून लिहितोय.

आधी उपग्रह कुठे आहे ते बघू, ते कळल्याशिवाय पान्याला हात लावू नका. फ्री डिश येते जीसॅट-१५ वरून. हा इस्रोचा ३,१६४ किलोचा उपग्रह, ११ नोव्हेंबर २०१५ ला आपल्याकडे पहाट असताना फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ रॉकेटने गेला. त्याच्यावर २४ केयू बँड ट्रान्सपाँडर (खालून आलेले चॅनेल परत खाली पाठवणारे संच) आहेत, शिवाय विमानांना दिशा दाखवणाऱ्या गगन यंत्रणेचं सामानही त्याच्यावरच आहे. उभा आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे नकाशात निकोबार बेटांवरून बोट खाली विषुववृत्तापर्यंत आणलं की सुमात्राच्या अलीकडे जो समुद्र लागतो त्याच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंच. तेवढ्या उंचीवर त्याची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीएवढ्याच वेळात होते त्यामुळे आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच आपण छत्री एकदा बोल्टने आवळून मोकळे होतो. दिल्लीत तोडापूरला दूरदर्शनचं केंद्र आहे, तिथून चॅनेल वर जातात, आणि उपग्रह जागेवर ठेवायचं काम कर्नाटकात हासनहून चालतं. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा नाव होतं डीडी डायरेक्ट प्लस आणि चॅनेल होते ३३. गावात अजून कुणी कुणी डायरेक्टच म्हणतं.

आता कोन. उत्तरेला शून्य धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचं, म्हणजे पूर्व ९० आणि दक्षिण १८०. पुण्याहून उपग्रह १३२ वर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. मुंबई १३१ आणि साडेसत्तावन्न, रत्नागिरी साडेअठ्ठावीस आणि ५९ (म्हणजे १२८.५ हो, २८ नव्हे), कोल्हापूर १२९ आणि ६०, पणजी १२७ आणि ६१, नागपूर मात्र वेगळं, १४४ आणि ६०, कारण नागपूर बरंच पूर्वेला आहे. थोडक्यात आग्नेय दिशा, आणि डोकं बऱ्यापैकी वर करून बघावं लागेल एवढी उंची. दिशेला मोबाईलचा कंपास चालतो, आपल्या भागात चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच आहे, पण कंपास लोखंडी पाइपला चिकटवून धरलात तर तो काहीही सांगेल. पाइपपासून पाचसहा फूट मागे या, तिथून दिशा घ्या आणि त्या रेषेत लांबचं एखादं झाड, खांब, कुणाच्या घराचा कोना असं काहीतरी धरून ठेवा.

उंचीला आमच्याकडे मूठ लावली. हात सरळ लांब करून मूठ वळली की ती साधारण १० अंश भरते, क्षितिजापासून एकावर एक सहा मुठी लावल्या की आलात. तिथे आकाश मोकळं पाहिजे. फांदी नको, झावळ नको, शेजारच्याची पाण्याची टाकी नको. केयू बँडच्या लहरी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटरच्या, ओल्या पानांतून त्या येत नाहीत. झाड किती लांब हवं याचं साधं गणित असं की छत्रीपेक्षा झाड १० मीटर उंच असेल तर ते कमीत कमी ६ मीटर लांब पाहिजे, आणि वाढतं झाड असेल तर सातआठ धरा. माडाचं वेगळंच असतं, वारा नसताना चित्र स्वच्छ, वारा सुटला की झावळ मध्ये येते आणि मालिकेतल्या सासूचं तोंड चौकोन चौकोन होतं, माणूस मात्र बॉक्स खराब झाला म्हणून दुकानात नेऊन दाखवतो. मेमध्ये छत्री लावताय तर पावसाळ्यात त्या फणसाला किती पालवी येणार तेही डोळ्यासमोर आणा.

अजून एक युक्ती आहे पण ती वर्षातून दोनदाच चालते. १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास साधारण अकराला सूर्य बरोबर या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या वेळी तुमच्या अंगणात, गच्चीवर जिथे ऊन पडलंय तिथून उपग्रह दिसतो आणि जिथे सावली आहे तिथून दिसत नाही, विषय संपला. याच कारणाने त्या चारपाच दिवसांत रोज त्याच वेळेला काही मिनिटं चित्र जातं, आकाश निळंशार आणि टीव्ही बंद. सूर्यही या लहरींमध्ये भरपूर खरखर पाठवतो ना, त्याच्यापुढे उपग्रहाचा आवाज बुडून जातो. तेव्हा छत्रीला हात लावू नका, चहा घेऊन या, तोवर आपोआप येतं.

सामानात जास्त काही नाही. ६० किंवा ६५ सेंटीमीटरची छत्री आपल्याकडे पुरते, कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस जोराचा असतो तिथे ९० ची मिळाली तर उत्तम. युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसणारं, सिग्नल पकडणारं डबडं), फ्री टू एअर म्हणजे फुकटचे चॅनेल दाखवणारा बॉक्स, आरजी-६ केबल, चार एफ कनेक्टर (लागतात दोन, पण दोन वाया जातात). बॉक्स घेताना एमपेग-४ चालणारा घ्या, काही चॅनेल त्याच पद्धतीने येतात आणि जुना स्वस्त बॉक्स ते दाखवतच नाही, मग शेजाऱ्याकडे दिसतो तो चॅनेल आपल्याकडे का नाही म्हणून डोकं धरायची वेळ येते.

पाइप हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळी गंमत त्याच्यावरच अवलंबून. पाइप ओळंब्यात पाहिजे. ओळंबा किंवा लेव्हल लावून दोन बाजूंनी बघायचं, समोरून आणि काटकोनातून. पाइप तीन अंश कलला तर छत्रीच्या पट्टीवरचे आकडे तीन अंशांनी खोटे. स्लॅब असेल तर फास्टनर मारून स्टँड बसतो, पण जांभ्याच्या चिऱ्यात फास्टनरवर भरवसा ठेवू नका, चिरा भुगा होतो आणि पहिल्याच वादळात छत्री अंगणात. आत्याचं घर चिऱ्याचं आणि वर कौलं, म्हणून आम्ही त्या चार वाट बघायच्या दिवसांत अंगणाच्या कडेला खड्डा काढून जीआय पाइप काँक्रीटमध्ये पुरून घेतला होता, तेवढा एक शहाणपणा झाला.

केबलच्या टोकाला वरचं आवरण काढलं की जाळी लागते, ती मागे वळवायची, मधली तार कनेक्टरच्या बाहेर दोन मिलिमीटर दिसली पाहिजे आणि जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. लागला तर शॉर्ट. याच केबलमधून बॉक्स एलएनबीला वीजही देतो, म्हणून जोडाजोडी करताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. एलएनबीकडे केबल लावल्यावर तिला खाली एक सैल वळसा द्या, पावसाचं पाणी केबलवरून ओघळत वळशाच्या तळाला येतं आणि तिथून टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. घरात शिरण्याआधी भिंतीबाहेर तसाच एक वळसा.

आता मी पहिल्या दिवशी माती कुठे खाल्ली ते. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप घेतलं, फोन छत्रीच्या तोंडावर टेकवला आणि तोंड ५९ अंश वर बघेल असं आवळून टाकलं. छत्री मस्त आकाशाकडे बघत होती, बघणाऱ्यालाही पटेल अशी. पण घरगुती छत्री गोल वाडग्यासारखी नसते, ती मोठ्या वाडग्याची मध्यापासून एका बाजूची चकती असते असं समजा, म्हणून तिची एलएनबी मध्यावर नसून खालून आलेल्या दांड्यावर असते. वरून तिरपा आलेला सिग्नल ती खाली एलएनबीकडे टाकते. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा साधारण २५ अंश वर बघत असते. म्हणजे ५९ पाहिजे असेल तर तोंड ३४ वरच ठेवायचं. लांबून बघितलं तर वाटतं छत्री समोरच्या डोंगराकडे बघतेय, आणि तेच बरोबर असतं. पाइप ओळंब्यात असेल तर छत्रीच्या मागच्या पट्टीवर खरा कोन लिहिलेला असतो, ५९ ची रेघ धरा, ॲपच्या नादी लागू नका. गावात आधीच कुणाकडे चालू फ्री डिश असेल तर जाऊन तिच्याशेजारी उभं राहून बघून या, ते सगळ्यात सोपं.

बॉक्सच्या मेनूत जा. एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. एलएनबी पॉवर चालू. २२ के बंद किंवा ऑटो, डायसेक बंद. ट्रान्सपाँडर ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. बऱ्याच बॉक्समध्ये हे आधीच भरलेलं असतं. मग दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ ही लबाड पट्टी आहे. एलएनबी जोडली आणि केबल ठीक असली की छत्री भिंतीकडे वळवलीत तरी ती चाळीस-पन्नास दाखवते, म्हणजे एलएनबी जिवंत आहे एवढंच ती सांगते. मी पहिल्या दिवशी ती ६० वरून ६५ वर गेली की खूष व्हायचो आणि तिथेच बोल्ट आवळायचो. खरी पट्टी क्वालिटीची, ती एकदम शून्य असते आणि उपग्रह सापडला की एकदम वर उडी मारते, मधलं फारसं काही नाही. अलीकडे सॅट फाइंडर नावाचं पिपाणीवालं छोटं यंत्र मिळतं, तेही स्ट्रेंग्थचंच भावंड, कुठलाही उपग्रह आला की बोंबलतं.

कुठलाही म्हणजे शेजारचाच. ९५ अंशावर एसईएस-८ आहे, डिश टीव्हीचे चॅनेल तिथून येतात, तो आपल्या उपग्रहापासून फक्त दीड अंशावर. वर आकाशात त्या दोघांत ११०० किलोमीटरचं अंतर आहे पण इथून बघताना तुमच्या छत्रीला ते जवळपास खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. पिपाणी वाजली, स्कॅन केलं, आणि कुलूप लावलेल्या चॅनेलची यादी आली किंवा काहीच आलं नाही, तर तुम्ही शेजाऱ्याच्या दारात आहात. छत्री किंचित दक्षिणेकडे, म्हणजे छत्रीमागे उभे असाल तर उजवीकडे, आणि केसभर वर. घरात डिश टीव्हीची जुनी छत्री पडून असेल तर तीच वापरा, एवढंच हलवायचंय.

"किंचित" म्हणजे किती तेही सांगतो. दीड इंची पाइपवर एक अंश म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश, आणि तोच एक अंश वर उपग्रहाजवळ सहाशेहून जास्त किलोमीटर होतो. म्हणून झटके देऊन फिरवाल तर उपग्रह ओलांडून जाल आणि कळणारही नाही. शिवाय बॉक्सला सिग्नल ओळखायला दोनेक सेकंद लागतात. पद्धत अशी: उंची पट्टीवर लावून ते बोल्ट आवळा, दिशेचे बोल्ट एवढेच सैल की छत्री हाताने फिरेल पण सोडली तर हलणार नाही. ठरवलेल्या दिशेच्या दहापंधरा अंश डावीकडून सुरू करा, केसभर सरकवा, हात सोडा, एक दोन तीन मोजा, पट्टी बघा, परत केसभर. पूर्ण फेरीत काही नाही मिळालं तर उंची एक अंशाने बदला आणि परत फेरी. टीव्ही उचलून दिसेल असा पडवीत आणा. आम्ही पहिल्या दिवशी आत्याला टीव्हीसमोर बसवून "आला काय?" विचारत होतो, ती आतून "आलाऽऽ" ओरडेपर्यंत मी पुढे सरकलेलो असायचो, मग "गेलाऽऽ, मेल्या गेला परत." दुसऱ्या दिवशी टीव्ही बाहेर आणल्यावर हा सगळा संवाद बंद.

क्वालिटी उठली की नाचू नका, अजून अर्धं काम बाकी. आता डावीकडे सरकवत क्वालिटी कुठे पडते ते बघा, मग उजवीकडे कुठे पडते, दोघांच्या बरोबर मध्ये थांबा. उंचीचंही तसंच. नंतर एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू पिळा, आधी एका बाजूला मग दुसऱ्या. हे लोक विसरतात. उपग्रह आपल्या नाकासमोर दक्षिणेला नसून बाजूला आहे, त्यामुळे त्याच्या उभ्या लहरी आपल्याकडे पोचताना कललेल्या असतात, पुण्याच्या आसपास जवळजवळ ४५ अंश. दुकानातून आली तशी सरळ एलएनबी ठेवली तर चित्र येईलही, पण पहिल्या सरीला जाईल. मी पिळल्यावर क्वालिटी ४० च्या घरातून ७० च्या पुढे गेली, तेवढी शिल्लक पावसाळ्यासाठी पाहिजेच. बोल्ट आवळताना एक इकडचा थोडा, एक तिकडचा थोडा, डोळा पट्टीवर, कारण आवळतानाच छत्री फिरते.

मग ब्लाइंड स्कॅन किंवा ऑटो स्कॅन. सह्याद्री दिसली की समजा बरोबर घरी आलात. खाजगी मराठी चॅनेल कुठले दिसतील ते बदलत राहतं, प्रसार भारती जागांचा लिलाव करते आणि एप्रिलपासून नवी यादी लागते, म्हणून १ एप्रिलच्या पुढे मागे एकदा परत स्कॅन मारा. चॅनेल गेला म्हणजे छत्री हलली असं लगेच धरू नका.

पावसाचं सांगायचं तर धो धो सरीत दहापंधरा मिनिटं चित्र जाणार, ९० सेंटीमीटरलाही कधी कधी जाणार, त्याला इलाज नाही. विजा कडकडायला लागल्या की बॉक्सचा प्लग काढा आणि केबलही मागून सोडवून ठेवा. ऊन असताना, वारा नसताना क्वालिटी हळूहळू कमी होत गेली असेल तर आधी कनेक्टर उघडून बघा, तार हिरवी पडलेली असते, टोक कापून नवीन कनेक्टर घाला. आणि एलएनबीच्या तोंडावर कुंभारीण माशी मातीचं घर करते, हसू नका, आमच्याकडे झालंय, ओल्या फडक्याने पुसलं आणि टीव्ही चालू.

याच छत्रीवर इंटरनेट येईल का हे मला वाडीतल्या प्रत्येक पोराने विचारलं. नाही येणार. ही एलएनबी फक्त ऐकते, बोलत नाही, आणि इंटरनेटला तुमच्याकडूनही वर काहीतरी पाठवावं लागतं. त्याला व्हीसॅट लागतं, पाठवणारं यंत्र असलेली वेगळी छत्री, वेगळं लायसन असलेली कंपनी आणि महिन्याचं बिल. उपग्रहही वेगळे, २०१८ च्या डिसेंबरमध्ये गेलेला जीसॅट-११, ५,८५४ किलोचा धूड, किंवा नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन-९ वरून गेलेला जीसॅट-एन२, ज्याची क्षमता ४८ जीबीपीएस सांगतात आणि जो अख्ख्या देशाला ३२ झोतांत वाटून घेतो. शिवाय इतक्या उंचीवरच्या उपग्रहाशी बोलायचं म्हणजे प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तर वर जाऊन खाली येणार, अर्धा सेकंद त्यातच जातो. फॉर्म भरायला, व्हिडिओ बघायला चालतं, पण पबजीवाल्यांनी नाद सोडावा.

शेवटचं काम दोन मिनिटांचं, पण टाळू नका. सगळं आवळून झालं की पाइप आणि क्लँप दोघांवरून जाईल अशी एक उभी रेघ ओढा, उंचीच्या पट्टीवरही एक. मार्कर उन्हात उडतो, मी आत्याची नाही, आतेबहिणीची लाल नेलपॉलिश वापरली. दिवाळीच्या आधी वानरांची टोळी आली, एक मोठा हुप्प्या छत्रीवर बसून पेरू खात होता म्हणे, आणि टीव्ही गेला. आत्याने फोन केला, मी म्हटलं रेघेला रेघ जुळव. तिने शेजारच्या पोराला पाना दिला, स्वतः पडवीत टीव्हीसमोर उभी राहिली आणि सातच्या बातम्या सुरू व्हायच्या आत सह्याद्री परत लागली.